पार्ट मिळत नाही

दातांच्या डॉक्टरांनी सीडी प्लेअरचा तिसरा स्क्रू काढून बशीत टाकला आणि चौथ्याला हात घातला, तेव्हा शिवणबाई पुन्हा म्हणाल्या, की घरी नेऊन निवांत उघडा, इथे उजेड कमी आहे. उजेड मुळीच कमी नव्हता. ज्या टेबलावर त्या चाळीस वर्षे कापड बेतत आल्या होत्या ते खिडकीला लावूनच ठेवलेले होते, आणि सकाळचे दहा वाजले होते.

“तोंड उघडल्याशिवाय दाताचं काय सांगणार, काकू?” डॉक्टर म्हणाले.

पन्नाशीचा हसतमुख माणूस. आठवडाभर लोकांचे दात काढायचे आणि रविवारी जुने सीडी प्लेअर, रेडिओ, टेप असले काहीबाही दुरुस्त करत बसायचे. छंद कसला, खूळ म्हणा, असे त्यांनी दारातच सांगून टाकले होते. पिशवीतून त्यांनी जी हत्यारे काढून टेबलावर मांडली त्यात दात बघायचा तो लांब दांड्याचा छोटा आरसाही होता. दुसरा प्रसंग असता तर शिवणबाईंना हसू आले असते.

सीडी प्लेअर विकायचा असे त्यांनी ठरवले आणि भाच्याने फोनवरून जुन्या वस्तूंच्या साइटवर त्याचा फोटो टाकून दिला. खाली ‘बंद आहे’ असे स्पष्ट लिहिले होते, तरी चारपाच जणांनी चौकशी केली. प्रत्यक्ष आले ते हे एकटेच. शिवणबाईंचा हिशेब साधा होता. कोणीतरी येईल, पिशवीत घालून घेऊन जाईल, आपल्या घरी उघडेल. आत जे दिसायचे ते त्याला दिसेल, आणि तो काही ते सांगायला परत येणार नाही. हा माणूस त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच डोळ्यांदेखत झाकण काढायला बसेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते.

आत काय आहे ते त्यांना पक्के माहीत होते. सहा बारीक तारा, एका रेषेत कापलेल्या. त्यांनीच कापल्या होत्या.

त्यांची मुलगी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या कामाला होती. पहिल्या वर्षभराचा पगार साठवून साठवून तिने हा प्लेअर आणला. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या, आणि वजन असे, की उचलायला दोन हात लागायचे. मास्तर म्हणाले होते, एवढ्या पैशांत सगळ्या घराला रंग देऊन झाला असता. मास्तर म्हणजे तिचे वडील. ते शाळेत भूगोल शिकवायचे, अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, आणि त्यामुळे घरातही ते मास्तरच होऊन बसले होते. पंधरा दिवसांत तेच प्लेअरची बटणे दाबायला पुढे होऊ लागले. मुलगी साडेपाचला कामावरून यायची, आणि पायातल्या चपला काढायच्या आधी सीडी लावायची. तिच्याकडे सीडी बऱ्याच होत्या, पण लागायची एकच, आणि तिच्यातलेही तिसरे गाणे. त्याच्यासोबत ती मोठ्याने गुणगुणायची. कडव्याच्या शेवटी एक उंच जागा होती, तिथे दर वेळी तिचा सूर सुटायचा आणि दर वेळी मास्तर वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे, “घसरली.”

मग तिला ताप आला. नऊ दिवसांचा ताप. दुसऱ्यांचे रक्त तपासण्यात तिची तीन वर्षे गेली होती, आणि तिच्या रक्तात काय बिघडले ते कळेपर्यंत सगळे आटोपले होते. तेविसावे सरले नव्हते.

महिना उलटला असेल. एका संध्याकाळी साडेपाचला मास्तरांनी सीडी लावली. तिसरे गाणे. शिवणबाई आतल्या खोलीत मशीनवर होत्या, त्यांचा पाय जागच्या जागी थांबला. त्यांना वाटले, आज एक दिवस लावली असेल. पण दुसऱ्या दिवशीही लावली, तिसऱ्या दिवशीही. मास्तर खुर्चीत बसायचे, गाणे संपेपर्यंत हलायचे नाहीत, आणि संपले की उठून प्लेअर बंद करायचे. त्यांना त्यातून काय मिळायचे ते त्यांनी कधी सांगितले नाही. शिवणबाईंना मात्र गाण्यातली ती उंच जागा जवळ येऊ लागली की श्वास घेता यायचा नाही. तिथे सूर सुटायला हवा होता आणि सुटायचा नाही. गाणे कसे बिनचूक पुढे निघून जायचे. ते बिनचूकपण त्यांना सोसवत नव्हते. त्या वेळेला त्या मशीन जोरात मारू लागल्या, पायडल इतके दाबायच्या की साध्या उशीच्या अभ्र्याची सरळ शिवणही वाकडी जायची आणि उसवून पुन्हा घालावी लागायची.

नवऱ्याला सांगायचे होते, नका लावू म्हणून. पण ज्याच्या हातात तेवढेच उरले आहे त्याच्या हातातून ते काढून कसे घ्यायचे? असे चौदा महिने गेले.

एका दुपारी मास्तर शाळेच्या समारंभाला गेले. शिवणबाईंनी मशीनच्या पेटीतला छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला, प्लेअरचे झाकण काढले, आणि चकती फिरते त्या भागाकडे जाणारा तारांचा झुबका चिमटीत धरून दोरे कापायच्या कात्रीने कापला. एकच कच्च असा आवाज झाला. झाकण लावले, स्क्रू घट्ट केले, वरून फडके फिरवले. आपण हे इतक्या थंडपणे केले याचीच त्यांना पुढे अनेक वर्षे भीती वाटत राहिली.

त्या संध्याकाळी मास्तरांनी बटण दाबले. दिवा लागला, सीडी आत गेली आणि काहीच झाले नाही. त्यांनी सीडी पुसली, पुन्हा घातली. प्लेअरला तळहाताने हलकेच थोपटले, वर्गातल्या पेंगणाऱ्या मुलाला थोपटावे तसे. दुसऱ्या दिवशी चादरीत गुंडाळून तो दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. तो तासभर शिवणबाईंचा जीव टांगणीला लागला होता. दुकानदार झाकण उघडणार, आणि सांगणार.

मास्तर परत आले ते प्लेअर तसाच दोन्ही हातांवर घेऊन. तांब्याभर पाणी प्यायले.

“पार्ट मिळत नाही म्हणतो,” एवढेच म्हणाले, आणि प्लेअर होता तिथे ठेवून दिला.

शिवणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुकानदाराने उघडून बघण्याचेही कष्ट घेतले नसतील, असे त्यांनी स्वतःला समजावले. त्यानंतर साडेपाचला मास्तर त्याच खुर्चीत बसायचे आणि सकाळी वाचून झालेले वर्तमानपत्र पुन्हा वाचायचे. घर शांत झाले. मशीनवरची शिवण सरळ जाऊ लागली. फक्त त्या वर्तमानपत्राच्या घडीकडे शिवणबाईंना बघवायचे नाही. आज सांगू, उद्या सांगू, असे करता करता सतरा वर्षे गेली, आणि गेल्या वर्षी मास्तरही गेले.

डॉक्टरांनी शेवटचा स्क्रू बशीत टाकला आणि झाकण दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवले.

शिवणबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. समोरच्या गच्चीवर कोणीतरी गाद्या उन्हात टाकत होते. पाठीमागे डॉक्टरांच्या तोंडून ‘अच्छा’ असे काहीसे निघाले, मग ते हळूच हसले. ते हसणे ऐकून त्यांना वळून बघावेच लागले.

“काकू, हे कोणी केलंय हो?”

डॉक्टरांनी छोटा आरसा आत धरला होता. शिवणबाईंनी चष्मा सारखा केला आणि वाकून पाहिले.

तारा कापलेल्या नव्हत्या. म्हणजे कापलेल्या होत्या, पण प्रत्येक तार पुन्हा जोडलेली होती. टोके सोलून एकमेकांना पीळ दिलेला, त्यावर जखमेवर लावतात त्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, आणि तो सुटू नये म्हणून वरून दोरा गुंडाळून गाठ मारलेली. लाल तारेवर लाल दोरा, पिवळीवर पिवळा, निळीवर निळा, काळीवर काळा, पांढरीवर पांढरा, हिरवीवर हिरवा.

“आयुष्यात खूप जोड बघितले,” डॉक्टर म्हणाले, “पण शिवणाच्या दोऱ्यातला पहिल्यांदा बघतोय. आणि गंमत म्हणजे घट्ट आहे सगळं. मोटरला वीज पोचत असणार. बिघाड इथे नाहीच.”

शिवणबाईंनी विचारले, की मग कुठे आहे. डॉक्टरांनी आरसा दुसरीकडे फिरवला. सीडीचा कप्पा आतबाहेर करणारा रबरी पट्टा असतो, तो जुना झाला की सैल पडतो, असे त्यांनी समजावले. इथे मूळचा पट्टा नव्हताच. त्याच्या जागी घरातले साधे रबरबँड अडकवलेले होते आणि तेही विरघळून चिकट झाले होते. टोकदार हत्याराने त्यांनी तळातून रबराचे आणखी दोनतीन वाळके तुकडे उचलून बशीत ठेवले.

“म्हणजे हे रबरबँड दोनतीनदा बदललंय. बराच वापर झालाय याचा. तुम्ही तर अठरा वर्षं बंद म्हणाला होतात.”

शिवणबाई त्या हिरव्या दोऱ्याकडे बघत होत्या. तो हिरवा घरातल्या नेहमीच्या हिरव्यांपैकी नव्हता. एका शाळेने एकदा गणवेश शिवायला दिले होते तेव्हा त्यांनी मुद्दाम मागवलेला तो काळपट बाटलीहिरवा होता. मुलांना तो रंग आवडला नाही आणि पुढच्या वर्षी शाळेने तो बदलून टाकला. बाटलीहिरव्याचे एकच रीळ घरात आले होते आणि त्याच उन्हाळ्यात संपले होते. तारा कापल्या त्यानंतरचाच तो उन्हाळा. म्हणजे चार महिनेसुद्धा झाले नव्हते.

मास्तरांना धड खिळा ठोकता यायचा नाही. कॅलेंडर लावायचे तर भिंतीला भगदाड पाडायचे. या माणसाने एकेक तार सोलली होती, एकेका तारेच्या रंगाचा दोरा शिवणबाईंच्या डब्यातून शोधून काढला होता, आणि डबा पुन्हा जसाच्या तसा लावून ठेवला होता. दुकानदाराने झाकण उघडले होते तर. उघडले होते, मास्तरांना दाखवले होते, आणि मास्तर प्लेअर उचलून घरी आले होते. त्या अख्ख्या घरात एवढा छोटा स्क्रूड्रायव्हर एकाच पेटीत होता. एवढी सरळ कात्री एकाच हाताची होती.

शिवणबाई खुर्ची ओढून बसल्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते सहा त्या बायकांना शिवण शिकवायला एका संस्थेत जायच्या. घरी यायला साडेसहा व्हायचे. त्या दोन दिवशी बेल वाजवायच्या आधी दार उघडले जायचे आणि चहाचे आधण ठेवलेले असायचे. एरवी मास्तरांना चहाचा डबा कुठे आहे तेही ठाऊक नसायचे. शिवणबाईंना वाटायचे, आपण दमून येतो म्हणून करत असतील. मध्यंतरी गुडघा दुखायला लागला आणि त्यांनी शिकवणे सोडायचे ठरवले, तेव्हा मास्तरांनी अख्खा दिवस त्यांची समजूत घातली होती. घरात कोंडून घेऊ नकोस, चार माणसांत जा, म्हणाले, आणि जाण्यायेण्यासाठी गाडी लावून दिली होती. इतर बायकांचे नवरे घरात बस म्हणतात, आपला बाहेर जा म्हणतो, याचे शिवणबाईंना किती कौतुक वाटले होते.

त्या दोन दिवशी साडेपाचला या खोलीत काय होत होते, ते आता त्यांना दिसत होते. त्यात काही बघण्यासारखे नव्हते. एक म्हातारा खुर्चीत बसलेला, आणि घरात कोणी नाही.

“मेकॅनिकचं काम नाही हे,” डॉक्टर म्हणत होते. “आणि त्याआधी कापलंय कोणी तेही कळत नाही. उंदीर असा सरळ कापत नाही.”

“मी कापलं,” शिवणबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी अठरा वर्षांत शेकडो वेळा मनात म्हटले होते. मनात ते फार लांबलचक असायचे, आधी कारणे, मग क्षमा. प्रत्यक्षात दोन शब्दांत संपले.

डॉक्टरांनी हातातले हत्यार खाली ठेवले. खुर्चीत आडवा पडलेला माणूस काहीही बोलला तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही, ही त्यांच्या धंद्यातली सवय असावी. मग शिवणबाईंनी सांगितले, मुलीचे, तापाचे, त्या गाण्याचे आणि दुपारच्या कात्रीचे. सांगताना त्या रडल्या नाहीत. फक्त इस्पितळातले सांगताना थोड्या अडखळल्या. मास्तर शेवटचे अकरा दिवस इस्पितळात होते. आठव्या दिवशी जरा बरे वाटत होते, त्या दिवशी शिवणबाईंनी धीर करून सुरुवात केली होती, म्हणाल्या होत्या, अहो, ते गाण्याचं मशीन आपलं. मास्तरांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला होता.

“ते म्हणाले, राहू दे ते,” शिवणबाई म्हणाल्या. “मला वाटलं, विकू नको म्हणतायत. घरात राहू दे. म्हणून वर्षभर ठेवलं.”

डॉक्टरांनी मान हलवली. खिडकीतून आलेले ऊन टेबलावरच्या बशीत पडले होते आणि त्यात स्क्रू चमकत होते.

मग त्यांनी विचारले, की अजूनही विकायचे आहे का, नसेल तर पट्टा आणून बसवून देतो आणि जातो, पैशांचा प्रश्न नाही. शिवणबाईंनी विचार केला. वाजणारा प्लेअर या खोलीत ठेवून त्या काय करणार होत्या? मंगळवार-शुक्रवारची शिकवणीही आता राहिली नव्हती.

“तुम्ही न्या,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे वाजेल तरी.” मग त्यांनी विचारले, की ते जोड सगळे काढून टाकावे लागतील का.

“धरून आहेत,” डॉक्टर म्हणाले. “जे धरून आहे त्याला मी हात लावत नाही.”

झाकण लावून त्यांनी प्लेअर जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि दोन्ही हातांवर घेऊन सावकाश जिना उतरले. शिवणबाई वर कठड्याशी उभ्या होत्या. खाली पोचल्यावर डॉक्टरांनी मान वर करून सांगितले, की चालू झाला की फोन करीन. लोक असे म्हणतात आणि विसरतात, म्हणून त्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही.

पण तीन आठवड्यांनी फोन आला. पट्टा बसला होता, भिंग साफ झाले होते, आवाज कसा अगदी नव्यासारखा येत होता. ती सीडी असेल तर घेऊन या, डॉक्टर म्हणाले, एकदा ऐकून जा. शिवणबाईंनी नाही म्हटले. फोन ठेवला, थोडा वेळ घरात इकडेतिकडे केले, आणि परत फोन लावून विचारले, की रविवारी चार वाजता चालेल का.

डॉक्टरांचे घर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होते. मागची खोली त्यांनी आपल्या खुळासाठी राखली होती. तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर प्लेअर, टेप, स्पीकर, आणि मधोमध दोन खुर्च्या. मुलीचा प्लेअर खिडकीशी ठेवला होता. लाकडी पट्ट्यांना कसलेसे तेल लावून डॉक्टरांनी त्या उजळल्या होत्या. त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला, बसा म्हणाली, प्रवास कसा झाला विचारले, आणि जाताना दार ओढून घेतले. सवयीने ओढले, आवाजही होऊ न देता.

सीडी आत गेली. तिसरे गाणे लागले.

शिवणबाईंनी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली. वाद्ये सुरू झाली, पहिले कडवे आले, आणि कडव्याच्या शेवटी ती उंच जागा आली. सूर सुटला नाही. अठरा वर्षांनीही तो तसाच, बिनचूक पुढे निघून गेला, आणि त्यांच्या छातीत पूर्वी दुखायचे तिथेच दुखले. त्यात काडीचाही फरक पडला नव्हता. फक्त या खेपेला त्यांना वाटले, मास्तरही इथेच येऊन थांबत असतील. तेही याच जागेची वाट बघत बसत असतील, आणि ती रिकामी गेली की त्यांनाही इथेच दुखत असेल. एकाच ठिकाणचे दुखणे. त्यांनी ते ऐकून काढले आणि आपण ते कापून काढले. एका घरात, दोन खोल्यांत.

डोळे पुसायला त्यांनी रुमाल काढला तेव्हा डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे तल्लीन होणे बघून शिवणबाईंना बरे वाटले, आणि काहीतरी बोलायचे म्हणून त्यांनी विचारले, की घरात बाईंनाही आवड आहे का याची.

“हिला?” डॉक्टरांनी डोळे उघडले. “तिचं तसं काही नाही. पण एका शब्दाने कधी बोलली नाही हो. बावीस वर्षं झाली लग्नाला. रोज संध्याकाळी दोन तास हे चालू असतं, पण तिने कधी तोंडातून ब्र काढला नाही.”

ते कौतुकाने म्हणाले. पुन्हा डोळे मिटले.

गाणे अजून संपायचे होते. शिवणबाई थोडा वेळ बंद दाराकडे बघत बसल्या. मग पिशवी खांद्याला लावून, चहाचे दोन्ही कप उचलून उठल्या आणि दार कोपराने ढकलून बाहेर आल्या.

स्वयंपाकघर पॅसेजच्या टोकाला होते. शेगडीवर काही नव्हते, तरी भिंतीतला धूर ओढायचा पंखा घरघरत होता. डॉक्टरांची बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून फडक्याने पेले पुसत होती. शिवणबाईंनी कप ओट्यावर ठेवले तशी ती दचकली, अहो, तुम्ही कशाला आणलेत, मी आले असते ना, म्हणाली. पंख्यामुळे तिला मोठ्याने बोलावे लागत होते.

शिवणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. चाळिशी उलटलेली, नीटनेटकी बाई. डोळ्यांखाली थकवा होता, पण तो कोणाच्याही डोळ्यांखाली असतो.

“त्रास होतो का तुम्हाला त्याचा?” त्यांनी विचारले.

“कशाचा?”

शिवणबाईंनी मागच्या खोलीकडे मान केली.

“छे हो,” ती हसून म्हणाली. “सवय झाली आता.” आणि पुसून झालेला पेला तिने पुन्हा पुसायला घेतला.

भिंतीशी एक स्टूल होते. शिवणबाईंनी ते पुढे ओढले, गुडघा सांभाळत त्यावर बसल्या आणि पिशवी खाली जमिनीवर ठेवली.

“मला घाई नाही,” त्या म्हणाल्या.

ती बाई पेला पुसत राहिली, आतून पुसला, बाहेरून पुसला, बुडाशी पुसला. मग तो पालथा घालून ठेवला. आणि हात वर करून तिने पंखा बंद केला.